स्फटिकप्रासादाचे दार

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे प्रदर्शन भरले. त्यासाठी उभारलेल्या लोखंड-काचेच्या महालाला लोक ‘क्रिस्टल पॅलेस’ म्हणू लागले. त्याचा योजक जोसेफ पॅक्स्टन हा एका उमरावाच्या बागेचा प्रमुख माळी. महाकाय कमळासाठी काचगृह बांधता बांधता तो ही विद्या शिकला होता.

त्या जागेवर जुने एल्म वृक्ष होते. ते तोडण्यास लोकांचा विरोध झाला. तेव्हा मधल्या दालनाला १०८ फूट उंचीचे कमानदार छप्पर देऊन ते वृक्ष आतच राखले. आधीच्या रहिवाशांना असे घरात घेणे मला फार भावते.

माणसांसाठी मात्र दार इतके सहज उघडले नाही. १ मे रोजी उद्घाटनाला केवळ हंगामी तिकीटधारकांस प्रवेश. ते तिकीट पुरुषांस ३ गिनी. २६ मेपासून आठवड्यातील चार दिवस दर १ शिलिंगवर आला. श्रमिकांची गर्दी दंगा करील, अशी अनेक प्रतिष्ठितांना धास्ती होती. काचा सुमारे ३ लाख. तेव्हा धास्तावणाऱ्यांस अगदीच हसू नये! पण कामकरी कुटुंबे शिदोरी घेऊन आली, यंत्रे निरखीत फिरली आणि शांतपणे परतली. साडेपाच महिन्यांत ६० लाखांवर भेटी झाल्या. त्यांतील बहुसंख्य शिलिंगवाल्यांच्याच.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला तिकीट नसते, दोरी मात्र असते. गावची पुष्कळ माणसे तिच्याबाहेर उभ्यानेच नाटक पाहतात. येत्या वर्षी मंडप आखणाऱ्यांत तुम्हीच असाल.