भूमापनाचे शिक्षण आणि आपले विद्यार्थी

जमिनीची वाटणी असो, विक्री असो अथवा बांधावरचा तंटा असो, गाडे अखेर मोजणीपाशी येऊन थांबते. कर्नाटकात सर्व्हे नंबरातील एखादा तुकडा विकावयाचा झाल्यास नोंदणीपूर्वी त्याचा ‘11 ई’ नकाशा काढून घ्यावा लागतो. मोजणीदार वेळेवर मिळाला नाही, तर मुलीच्या लग्नासाठी ठरविलेला व्यवहारही अडून राहतो. असे असूनही बारावीनंतर भूमापनाची पदवी घेऊ इच्छिणारा विद्यार्थी क्वचितच आढळतो.

भूमापन म्हटले की उन्हात साखळी ओढणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो, हे याचे एक कारण. ते चित्र खोटे नव्हते. 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू झालेली मुंबई इलाख्याची महसुली मोजणी पुढे बेळगाव-धारवाडपर्यंत पोहोचली, ती 33 फुटांच्या साखळीवर. साखळीचे भाग सोळा, म्हणून त्यांस आणे म्हणत. एक साखळी लांब व तितकीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. गणिताच्या शिक्षकांनी हा हिशेब शाळेच्या पटांगणावर करवून घेतला, तर गुंठ्याचे 1,089 चौरस फूट मुलांना पाठ करावे लागणार नाहीत.

आज साखळीची जागा उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरविणाऱ्या यंत्रांनी व ड्रोनने घेतली आहे. 2020 साली आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे नकाशे ड्रोनच्या छायाचित्रांवरून तयार होऊ लागले. परंतु उड्डाणापूर्वी हद्दींवर चुना टाकावा लागतो. दोन भावांमधील न बांधलेली भिंत आकाशातून दिसत नाही. जुना नकाशा व प्रत्यक्ष वहिवाट यांत अंतर पडल्यास प्रमाण काय मानावे, हेही यंत्र सांगत नाही. तेथे गणित, कायदा आणि माणसांशी बोलण्याची हातोटी ही तिन्ही लागतात.

दुसरे कारण माहितीच्या अभावाचे. स्थापत्य अभियांत्रिकीत सर्वेक्षण हा केवळ एक विषय असतो. भूमाहितीशास्त्राची स्वतंत्र पदवी असते, हे पुष्कळ पालकांस ठाऊक नसते. चेन्नईच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात ती मिळते. त्या महाविद्यालयाचा उगमच 1794 च्या भूमापनशाळेत आहे. हैदराबादेस भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षणसंस्था आहे. दहावीनंतर थांबणाऱ्यांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ‘सर्व्हेअर’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. विज्ञानशाखेतील मुलामुलींना ही माहिती बारावीच्या निकालानंतरच्या धांदलीत नव्हे, तर अकरावीतच मिळावी, आणि तालुक्याच्या भूमापन कार्यालयातील जुन्या नकाशावर आपल्या गावचा ओढा शोधण्याची संधीही त्यांना एकदा द्यावी.