बसवलेला दात आणि त्याभोवतीची हिरडी



आपल्या दंततपासणी शिबिरांना मदत करणारे काही सभासद विचारतात, “एखाद्याला इम्प्लांट बसवून दिले, की त्याच्या दाताची काळजी कायमची मिटली ना?” या अंकात याच प्रश्नाचा अभ्यास करू.

१. इम्प्लांट म्हणजे काय?
जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवतात. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते, मग त्यावर दात चढवतात. स्वीडनमधील डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. असा दात किडत नाही, हे खरे. पण त्याभोवतीची हिरडी आणि हाड जिवंत असते. आजार तिथे येतो.

२. आजार कसा होतो?
आपल्या तोंडात शेकडो जातींचे जिवाणू असतात आणि एरवी त्यातले बहुतेक त्रास देत नाहीत. दात नीट घासले नाहीत तर त्यांचा चिकट थर साचतो. थर जुना झाला की हिरडीच्या कडेखाली, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे घातक जिवाणू वाढतात. हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. या टप्प्यावर सफाई केली तर ती बरी होऊ शकते. दुर्लक्ष केले तर हाड झिजते आणि शेवटी स्क्रू हलू लागतो. झिजलेले हाड सहजासहजी भरून येत नाही.

आपल्या मूळ दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटला ते नुसते बाजूने लागून असतात. म्हणून तिथली सूज हाडापर्यंत लवकर पोहोचते. पुष्कळदा ती दुखतही नाही.

३. धोका कोणाला?
ज्यांचे दात हिरड्यांच्या आजारानेच पडले, त्यांना सर्वांत जास्त. शिवाय धूम्रपान करणारे आणि मधुमेह आटोक्यात नसलेले. आपल्या विदर्भात खर्राही आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी खर्रा गावोगावी घोटला जातो. त्यातल्या तंबाखूने हिरड्या खराब होतात आणि सुपारीने तोंड उघडणे कमी होत जाते. तोंडच उघडत नसेल तर ब्रश मागच्या दातांपर्यंत जाणार कसा?

४. मग मदत कशी करावी?
माझे मत स्पष्ट आहे. आधी हिरड्यांचा उपचार आणि खर्रा सोडवणे, मग दात, आणि त्यानंतर नियमित तपासणी. दुर्गम पाड्यावरून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पुन्हा पुन्हा येणे म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी. देणगीत हा खर्च धरला नाही, तर बसवून दिलेला दातही टिकणार नाही. ज्याला परत येणे शक्य नाही, त्याला काढता-घालता येणारी कवळी अनेकदा अधिक सोयीची. तीही रोज धुवावी आणि रात्री काढून ठेवावी.

चर्चेसाठी प्रश्न
१. हिरडीतून रक्त येणे आपण किरकोळ समजतो का?
२. आपल्या मंडळीतून एका रुग्णाच्या वर्षभराच्या फेऱ्यांचा खर्च उचलता येईल का?
३. आपल्याच घरात खर्रा खाणारे कोणी आहे का? त्याच्याशी कोण बोलेल?