हात घालण्याआधी स्पिंडल थांबला का, ते बघा

मिलिंग मशीनवर कट चालू असतो तेव्हा माणूस सावध असतो. आवाज असतो, चिप्स उडत असतात, नजर आपोआप कटरवर राहते. बोटं जातात ती मधल्या वेळात. कट संपलेला असतो, टेबल मागे आणलेलं असतं, स्पिंडल मात्र फिरतच असतो. तेवढ्यात चिप्स पुसून घ्याव्यात, फिनिश कसं आलंय ते बोट फिरवून बघावं, व्हर्नियर लावून माप घ्यावं, असं वाटतं. ‘एवढंच तर करायचंय’ असं मनात आलं की तिथेच थांबावं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि पुढे शिरोलीच्या एमआयडीसीत मी आयुष्यभर मिलिंगच केलं. या काळात जे अपघात डोळ्यांनी पाहिले, ते बहुतेक या ‘एवढ्यात’लेच.

एक सांगतो. शेजारच्या मशीनवर एक कारागीर होता, हाताने पक्का. माइल्ड स्टीलच्या पट्टीत 20 मिलिमीटरच्या एंडमिलने खाच घेत होता. पट्ट्यांच्या कडा लागतात म्हणून हातात सुती मोजे. खाचेत कूलंटने चिकटलेल्या चिप्स साचल्या होत्या. त्याने स्पिंडल चालू ठेवूनच कॉटन वेस्टचा बोळा घेतला आणि कटरच्या अलीकडची जागा पुसायला गेला. वेस्टचं एक सूत कटरच्या दाताला लागलं. सुतामागे बोळा, बोळ्यामागे मोजा. डाव्या हाताने त्यानेच लाल बटण मारलं, पण तोवर उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मोजा नसता तर कदाचित कापण्यावर भागलं असतं.

झटक्यात हात मागे घेऊ, असा प्रत्येकाला भरवसा असतो. म्हणून मी नव्या पोरांकडून आधी हिशेब करून घेतो. एचएसएस कटरने माइल्ड स्टील कापताना कटिंग स्पीड मिनिटाला 30 मीटर धरा. 30 ला 1000 ने गुणायचं आणि 3.14 गुणिले 20 ने भागायचं. आरपीएम येतो साधारण 480, म्हणजे सेकंदाला 8 फेरे. दचकून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात कटरचे दोन फेरे होतात आणि 12 सेंटिमीटरहून जास्त कापड गुंडाळलं जातं. कार्बाइडचा कटर मिनिटाला 100 मीटरने चालवत असाल तर 40 सेंटिमीटर. पंज्यापासून कोपरापर्यंतची बाही झाली ही.

म्हणून मोजे घालायचे ते माल उचलताना आणि कटर बदलताना, तेही मशीन बंद असताना. स्पिंडल चालू करण्याआधी ते काढून ठेवायचे. बाही लांब असेल तर आतल्या बाजूने दुमडून कोपराच्या वर न्यायची. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, ओळखपत्राची लेस, इअरफोनची वायर यातलं काहीही अंगावर नको. केस लांब असतील तर टोपीत, ओढणी असेल तर लॉकरमध्ये. 1948 च्या कारखाने अधिनियमातलं 22 वं कलमही चालत्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचे कपडे अंगाला घट्ट बसणारे हवेत आणि ते मालकाने पुरवावेत, असंच सांगत होतं.

राखीपौर्णिमा झाली की आठवडाभर शॉपमध्ये निम्म्या मनगटांवर गोंडे दिसतात. काढ म्हटलं की पोरं नाराज होतात. देवाच्या दोऱ्याचंही तेच. मी सांगतो, शिफ्टला सोडून खिशात ठेव, सुट्टी झाली की बांध. बहिणीला बोटं शाबूत असलेला भाऊच हवा असतो.

आता जॉब बांधण्याविषयी. वाइसमध्ये जॉब धरताना खाली पॅरलल ठेवतात, वाइस आवळतात आणि कॉपरच्या किंवा नायलॉनच्या हातोडीने जॉब ठोकून बसवतात. दोन्ही पॅरलल बोटाने हलवून बघा. एक जरी सरकला तर जॉब बसलेला नाही. जॉब जबड्याच्या फार वर काढू नका. टेबलावर क्लॅम्प लावून बांधत असाल तर बोल्ट जॉबच्या जवळ हवा आणि पॅकिंग लांब. पॅकिंगची उंची जॉबएवढी किंवा केसभर जास्त ठेवा. पॅकिंग कमी पडलं की क्लॅम्प तिरका बसतो, वरून घट्ट वाटतो आणि पहिल्या जड कटला जॉब निसटतो. जुन्या शॉपमध्ये हाताला येईल तो नट पॅकिंगला घालतात. ती सवय मोडायलाच हवी.

कटरच्या फिरण्याच्या दिशेलाही महत्त्व आहे. कटरचे दात जॉबला फीडच्या उलट ढकलत असतील तर ते अप मिलिंग. दात जॉबला फीडच्याच दिशेने ओढत असतील तर ते डाउन मिलिंग. सीएनसीला बॉलस्क्रू असतो, तिथे डाउन मिलिंग चालतं. जुन्या हाताच्या मशीनला लीडस्क्रूमध्ये बॅकलॅश असतो. हँडल उलटं फिरवा आणि टेबल हलेपर्यंत डायलवर किती रेघा जातात ते मोजा. तेवढं अंतर कटर टेबलाला एका झटक्यात ओढू शकतो. मग कटर तुटतो किंवा जॉब उडतो. अशा मशीनवर अप मिलिंगच करावं.

टरेट मशीनवर ड्रॉबारचा पाना वरच राहिला आणि स्पिंडल चालू झाला, तर पाना कुठे जाईल सांगता येत नाही. त्यामुळे पाना हातातून सुटला की त्याच्या हुकावरच गेला पाहिजे. पॉवर फीड किंवा रॅपिड लावताना हँडलकडेही बघा. बऱ्याच मशीनवर हँडल स्प्रिंगने आपोआप सुटतं. स्प्रिंग मेलेली असेल तर हँडल टेबलाबरोबर गरगर फिरतं आणि पोटात बसतं.

आमच्याकडे ओतीव लोखंडाचं काम जास्त. ते कोरडंच कापतात आणि त्याचा चुरा पिठासारखा बारीक निघतो. हवेच्या नळीने तो उडवला की आपल्या नाही तर शेजाऱ्याच्या डोळ्यात जातो. म्हणून ब्रश वापरायचा आणि तोही स्पिंडल पूर्ण थांबल्यावर. बंद बटण दाबल्यावर स्पिंडल काही वेळ फिरत राहतो. तो थांबला हे कानाने ठरवू नका, डोळ्यांनी बघा. गॉगल मशीनसमोर असेपर्यंत डोळ्यावरच ठेवा.

इतकं करूनही कधी काही घडलंच, तर दोन चुका हमखास होताना मी पाहिल्यात. अडकलेला हात सोडवायला कुणी तरी स्पिंडल उलटा चालवतो. तसं करू नका, आधी मेन स्विच बंद करा. दुसरी चूक डोळ्यात कण गेल्यावरची. शेजारचा माणूस काडीच्या टोकाने किंवा रुमालाच्या कोपऱ्याने तो काढायला बघतो. डोळा चोळू नका, कण काढू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. माणूस आणि पिशवी एकाच गाडीतून इस्पितळात गेली पाहिजेत.

शेवटचं मालकांना. कारागीर स्पिंडल का थांबवत नाही? कारण त्याला नगावर पैसे मिळतात आणि दर वेळी थांबवायचं म्हटलं तर दिवसाचे नग कमी भरतात. थांबण्याचा वेळ नगाच्या दरातच धरा. जॉबचा टाइम काढताना साफसफाई आणि माप घेण्याची मिनिटं वेगळी लिहा. मशीन थांबवल्याबद्दल एकदा जरी कुणाला ओरडलात, तरी भिंतीवरच्या सुरक्षेच्या सगळ्या पाट्या फुकट गेल्या.