रतनवाडीचे काजवे

पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत, रतनगडाच्या पायथ्याशीं रतनवाडी नांवाचें एक लहानसें गांव आहे. खालीं भंडारदऱ्याचा जलाशय पसरलेला आहे; त्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरा नदी याच डोंगरांत उगम पावते. गांवांत अमृतेश्वराचें कोरीव शिवालय व शेजारीं बांधीव पुष्करणी आहे. त्या शिल्पावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. आज आपणांस त्याहून पुष्कळच क्षणिक अशा एका शोभेकडे वळावयाचें आहे.

येथील वस्ती मुख्यत्वें महादेव कोळी समाजाची. भात, नागली, वरई हीं पिकें पावसावर होतात. मे महिन्याच्या अखेरीस राब भाजून लोक आभाळाकडे पाहत असतात. कणगी रिकामी होत आलेली असते. नेमक्या याच सुमारास, मृगाच्या आगेंमागें, हिरडा, सादडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखूं लागतात. एक झाड उजळतें, विझतें, आणि लगेच पलीकडचें उजळतें.

काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्यांच्या वर्गांतील कीटक आहे. त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागांत ल्युसिफेरिन नांवाचें द्रव्य असतें. ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्यानें त्याचा प्राणवायूशीं संयोग झाला कीं प्रकाश पडतो, आणि त्यांत उष्णता जवळजवळ नसतेच. काजवा हातावर घेतला तरी चटका बसत नाहीं. (पण घेऊं नये.) हा प्रकाश आपल्या करमणुकीसाठीं नाहीं. नर ठराविक अंतरानें लुकलुकून मादीस खूण करितो, व मादी बहुधा झुडपांतून वा गवतांतून आपल्या प्रकाशानें उत्तर देते. अळी असतां ओल्या जमिनींत गोगलगाई खाऊन कित्येक महिने काढलेल्या या जीवास पंख फुटल्यावर थोडेच दिवस मिळतात. तेवढ्या मुदतींत जोडीदार सांपडला नाहीं, तर त्याचा वंश तेथेंच खुंटला.

अलीकडे या दिवसांत शनिवारीं-रविवारीं मुंबई, पुणें, नाशिक येथून मोटारींची रीघ लागते. त्यांच्या दिव्यांच्या झोतांत काजव्यांची खूण बुडून जाते, आणि वाट सोडून रानांत शिरणाऱ्यांच्या पायांखालीं गवतांतील माद्या चिरडतात. हा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. परंतु नुसत्या पाटीनें अंधार राखला जात नाहीं.

कोणी म्हणेल, पाहुण्यांस बंदीच करावी. मला तें न्याय्य वाटत नाहीं. कणगी रिकामी असतां पिठलें-भाकरी वाढून व वाट दाखवून जे चार पैसे घरांत येतात, त्यांवर पेरणीचा खर्च भागतो. मोटार गांवाबाहेर ठेवून पायीं येणारा, मोबाईल खिशांत ठेवून विजेरीस तांबडा कागद लावणारा, आणि वाट न सोडणारा पाहुणा काजव्यास फारसा बाधत नाहीं. अडचण एवढीच कीं असे पाहुणे थोडे. आणि जेवायला आलेल्या माणसास दिवा मालवावयास सांगणें यजमानास जड जातें.

मोठा पाऊस लागला कीं हा सोहळा संपतो. माद्यांनीं घातलेलीं अंडीं ओल्या मातींत कोणास दिसत नाहींत. शेजारच्या खाचरांत मात्र गुडघाभर चिखलांत वांकून बायका-पुरुषांची आवणी सुरू झालेली असते.