रुपया तोच नव्हे : मॉरिशसचे चलन

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममधून मॉरिशसला निघालेल्या खातेदारांचा पहिला घोळ चलनाच्या नावावरूनच होतो. तिथल्या उपाहारगृहात ताटाची किंमत ५०० रुपये लिहिलेली दिसते आणि आपण ‘ठीक आहे’ म्हणून बसतो. पण तो रुपया आपला नाही. गेल्या काही वर्षांत मॉरिशसचा एक रुपया आपल्या सुमारे पावणेदोन ते दोन रुपयांना पडतो. दर १ रुपया ९० पैसे असेल, तर त्या ताटाचे ९५० रुपये झाले. चार जणांच्या कुटुंबाने आठवडाभर हा गुणाकार केला नाही, तर किती खड्डा पडेल, हे तुम्हीच मांडून पाहा.

नाव एक असण्याचे कारण आपल्याच माणसांत आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने पहिले गिरमिटिये मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे कोकणातूनही माणसे गेली. त्यांचे मराठी वंशज आजही तिथे आहेत. सुरुवातीच्या करारांत पुरुष मजुराचा पगार महिना ५ रुपये असे. मजुरांच्या ओघाबरोबर हिंदुस्थानी रुपया बेटावर इतका खेळू लागला, की वसाहत सरकारने १८७७ पासून मॉरिशसचा स्वतंत्र चलनी रुपयाच सुरू केला. त्याचे भाग मात्र आणे-पै नव्हते, १०० सेंट होते. आपल्याकडे दशमान नाणी आली १९५७ मध्ये, म्हणजे तब्बल ८० वर्षांनी! पुढे १९६७ मध्ये बँक ऑफ मॉरिशस स्थापन झाली.

तिथल्या नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि देवनागरी अशा तीन लिप्या दिसतात. १९९८ मध्ये तमिळचा क्रम हिंदीच्या खाली गेला, तेव्हा लोक एवढे चिडले की बँकेला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. नोट म्हणजे नुसता कागद नसतो तो असा.

आता व्यवहाराचे. दिल्लीत मॉरिशसचे रुपये मिळतीलच असे नाही. अधिकृत विक्रेत्याकडून डॉलर किंवा युरो घ्या आणि तिथे पोहोचल्यावर बदला. विक्रेत्याला नुसता दर विचारू नका. कर व शुल्क धरून हातात किती पडेल, ते विचारा. रोख परकीय चलन एका प्रवासात साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच नेता येते. कार्ड वापरताना यंत्राने ‘भारतीय रुपयांत की स्थानिक चलनात?’ असे विचारले, तर स्थानिक चलन निवडा. भारतीय रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो खरा, पण त्यात दुकानदाराच्या बँकेचा दर आणि तिची कमाई मिसळलेली असते. १२ फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय तिथेही सुरू झाले आहे. निघण्यापूर्वी अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा. प्रत्येक टपरीवर ते चालेल, या भरवशावर मात्र राहू नका.

उरलेल्या मॉरिशस-नोटा तिथल्या विमानतळावरच बदलून टाका. इथे त्यांना गिऱ्हाईक शोधत बसाल. उरलेले डॉलर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला विकावे लागतात. २,००० डॉलरपर्यंतची रक्कम तेवढी पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येते.