आईच्या मृत्यूची नोंद राहून गेली

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी आई गावच्या घरीच वारली. धावपळीत नोंद राहिली. आता सातबाऱ्यावर वारस लावायला तलाठी दाखला मागतात. मी पुण्यात राहतो, इथे नोंद होईल का?

उत्तर : पुण्यात होणार नाही. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, म्हणजे तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत. आई दवाखान्यात गेल्या असत्या तर कळवणं दवाखान्याचं काम होतं; घरी मृत्यू झाला की ती जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. घरोघरी इथेच चूक होते. स्मशानातली पावती म्हणजे नोंद नव्हे.

२१ दिवसांच्या आत नोंद मोफत होते, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्क भरून. तुम्ही त्यापुढे गेलात, पण वर्षाच्या आत आहात, म्हणून जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी, शुल्क आणि स्वयंसाक्षांकित कागद लागेल. आईचं आधार कार्ड, अंत्यविधीची पावती आणि शेवटी तपासलेल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर तेही जोडा.

चार महिने हातात आहेत, ते दवडू नका. वर्ष उलटलं की जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि चौकशी होते.

अर्जातलं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळवून घ्या. सोनुबाई-सोनाबाई एवढ्या फरकानेही फेरफार अडतो.