मराठी मेसेजचे तुकडे का पडतात?

प्रश्न : बँकेने मेसेजची भाषा निवडायची सोय दिली म्हणून मी हौसेने मराठी निवडली. आधी इंग्रजीत एका दमात येणारा मेसेज आता दोन-दोन तुकड्यांत येतो, आणि एकदा तर मागचा तुकडा आधी आला. मुलगा म्हणतो, "मराठीत थोडक्यात सांगताच येत नाही." हे खरं आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाने निकाल जरा घाईने लावला. बँकेच्या थाटाचं एक वाक्य घेऊन मोजूनच पाहू. 'तुमच्या खात्यात ५०० रुपये जमा झाले.' फोन मोजतो तसं मोजायचं, म्हणजे प्रत्येक काना, मात्रा, उकार, हलन्ताची खूण, शब्दांमधली मोकळी जागा आणि शेवटचा पूर्णविराम हे सगळं वेगवेगळं धरायचं. बेरीज होते ३५. इंग्रजी मेसेजात हेच 'रुपीज ५०० क्रेडिटेड टू युवर अकाउंट' असं येतं. रुपयांचं दोन अक्षरी लघुरूप आणि पूर्णविराम धरून ती चिन्हं होतात ३२. तीन चिन्हांच्या फरकावरून मराठीला पाल्हाळिक म्हणणं अन्यायाचं होईल.

घोळ पुढे आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० चिन्हं मावतात आणि मराठीची फक्त ७०. म्हणजे आपल्या वाक्याने बरोबर अर्धा मेसेज व्यापला, तर इंग्रजी वाक्याने जेमतेम पाचवा हिस्सा.

हे १६० आले कुठून? गोष्ट १९८५ च्या सुमाराची. युरोपात मोबाइलची जीएसएम ही समाईक पद्धत आकाराला येत होती आणि त्यात मजकूर पाठवण्याची सोय कशी करायची यावर जर्मनीचे फ्रिडहेल्म हिलेब्रांड काम करत होते. फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहे, त्याला कॉल येतो आहे का, असले यंत्रांचे आपापसातले निरोप वाहणारी एक वेगळी वाट नेटवर्कमध्ये असतेच. ती बराच वेळ रिकामी असते. तिच्यातूनच मजकूर धाडायचा, ही कल्पना. खर्च जवळपास नाही, पण जागाही बेताची : एका खेपेला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट.

एवढ्या जागेत माणसाचं बोलणं मावेल का, हे पाहायला हिलेब्रांड बॉनमधल्या घरी टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं टाइप करत आणि अक्षरं मोजत, असं त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं. बहुतेक वाक्यं १६० च्या आत बसली. पोस्टकार्डं आणि टेलेक्स तपासले, तिथेही लोक थोडक्यातच उरकत होते. मला यात एक गंमत दिसते. कार्डावर लोक कमी लिहितात ते कार्ड लहान असतं म्हणून. आपल्याकडे जागा संपली की समासातून आडवं लिहायचं, मग पत्त्याच्या बाजूला घुसायचं आणि तरी उरलं तर 'बाकी समक्ष भेटीत' लिहून सही करायची. अशा पुराव्यावरून 'माणसाला एवढंच बोलायचं असतं' हे ठरवणं म्हणजे एसटीत उभे राहिलेले लोक पाहून 'यांना बसायला आवडत नाही' म्हणण्यासारखं आहे. असो. १६० हा आकडा ठरला. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ यांनी पहिला एसएमएस पाठवला तो तर नाताळच्या शुभेच्छांचा, दोनच शब्दांचा होता.

१४० बाइटांत १६० अक्षरं बसवायला एक काटकसर करावी लागली. बाइट असतो आठ बिटांचा, त्यांनी एका अक्षराला सातच बिट दिले. सात बिटांत १२८ वेगवेगळ्या खुणा होतात. त्या १२८ खुर्च्यांवर कोण बसलं पाहा : इंग्रजी लिपी, आकडे, युरोपातली टिंबं-टोपीवाली अक्षरं, स्पॅनिशमधलं उलटं प्रश्नचिन्ह, जपानी येनची खूण आणि ग्रीकची दहा मोठी अक्षरं. ओमेगाला खुर्ची मिळाली, 'अ'ला नाही. पंक्ती युरोपात मांडल्या होत्या, पानं तिथल्या पाहुण्यांची होती. त्यात दुष्टावा शोधू नये.

या यादीबाहेरच्या सगळ्या लिप्यांसाठी मग युनिकोडवर आधारलेली सोळा बिटांची सरसकट सोय झाली. ११२० भागिले १६, उत्तर ७०. रशियन, अरबी, चिनी, मराठी, सगळ्यांना एकच माप. वास्तविक देवनागरीला सोळा बिटांची गरज नाही. भारतीय लिप्यांसाठी आठ बिटांत काम भागवणारं 'इस्की' हे मानक आपल्याकडे १९९१ मध्येच तयार होतं. त्या हिशेबाने मराठी मेसेजात १४० चिन्हं मावली असती. पुढे जीएसएमच्या मानकात हिंदी, गुजराती, कन्नड अशा भाषांसाठी सात बिटांचे तक्तेही जोडले गेले. पण तो तक्ता पाठवणाऱ्याकडे हवा, घेणाऱ्याच्या फोनमध्येही हवा, आणि जुन्या फोनवर भलतंच काही उमटलं तर शिव्या बँकेने खायच्या. त्यापेक्षा सोळा बिट बरे, असाच विचार कोणीही करील.

आता तुमचे तुकडे. मजकूर एका मेसेजात मावला नाही की तो फोडून पाठवतात आणि प्रत्येक तुकड्याला 'तीनपैकी दुसरा' अशी चिठ्ठी लावतात. ती चिठ्ठी सहा बाइट खाते, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात इंग्रजीची १५३ आणि मराठीची ६७ चिन्हं उरतात. फोन चिठ्ठ्या वाचून तुकडे पुन्हा जोडतो. फोन किंवा मधलं यंत्र यात कुठे चुकलं, की तुकडे सुटे दिसतात, ज्याचा नंबर आधी लागला तो आधी. पाठवणाऱ्याकडून पैसे साधारणपणे तुकड्यागणिक घेतले जातात. १६० चिन्हांचा मजकूर इंग्रजीत एका मेसेजच्या दरात जातो, मराठीत तीन मेसेजच्या.

हा भुर्दंड घराघरात कसा पोचला ते दिवाळीत दिसायचं. 'लक्ष्मीपूजन' डोळ्यांना पाच अक्षरांचं दिसतं, फोनच्या हिशेबी ती अकरा चिन्हं आहेत : ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ ईकार, प, दीर्घ ऊकार, ज, न. म्हणजे १७६ बिट. तेच रोमन लिपीत दहा अक्षरांत, ७० बिटांत उरकतं. त्यात सणाच्या दिवशी मोबाइल कंपन्यांचे स्वस्त एसएमएसचे पॅक चालत नसत. तेव्हा मराठी पोरं रोमन लिपीत मराठी लिहू लागली यात नवल काय! देवनागरीऐवजी चौकोन दाखवणारे फोन आणि बारा बटणांचा कीपॅड ही कारणं होतीच, पण नव्या पिढीला लिपीचं प्रेम नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनी हा हिशेबही पाहायला हवा होता.

एसएमएसचं माप पुढे ट्विटरलाही लागलं. ते सुरू झालं २००६ मध्ये, आणि १६० पैकी २० जागा नावासाठी ठेवून मजकुराला १४० दिल्या. २०१७ मध्ये त्या २८० झाल्या. चिनी, जपानी, कोरियन मात्र १४० वरच राहिल्या, कारण त्यांच्या एका चिन्हात जास्त मजकूर मावतो. निदान तिथे लिपीचा स्वभाव पाहून माप ठरलं. मराठीला तिथे २८० मिळतात, काना-मात्रा वेगळे मोजून का होईना.

मुलाच्या बोलण्यात आणखी एक गृहीत आहे : थोडक्यात म्हणजे चांगलं. तारेचे पैसे शब्दांवर मोजत, म्हणून तारेची भाषा तुटक झाली. ती काटकसर होती, शैली म्हणून तिचं कौतुक मागाहून झालं. सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या पाणी बंद' असा तीन शब्दांचा मेसेज टाकून पाहा. पाठोपाठ येतात : 'कधीपासून?', 'बी विंगलाही का?', 'टाकीचं मिळेल ना?', मग दोन नमस्काराचे हात, आणि एक काका परवाच्या पाण्याची तक्रार काढतात. तीन शब्दांमुळे तीस मेसेज वाचावे लागतात. तेच तारीख, वेळ, कुठल्या विंग, टाकी किती वाजता भरणार आणि अडचण आल्यास कोणाला विचारायचं, असं सहा ओळींत सांगितलं तर ग्रुप गप्प राहतो. वाचणाऱ्याला त्यावरून काही करायचं असेल तर लांब मेसेज बरा. फक्त तारीख-वेळ पहिल्या ओळीत हवी, कारण फार लांबला तर व्हॉट्सॲप उरलेला भाग 'पुढे वाचा'च्या मागे ढकलतं आणि तिथवर बोट नेण्याचे कष्ट थोडेच लोक घेतात.

बँकेची भाषा बदलू नका, तुकड्यांचा खर्च बँकेचा आहे. स्वतः लग्नाचं किंवा मंडळाचं निमंत्रण घाऊक एसएमएसने पाठवणार असाल तर मात्र दोन गोष्टी बघा. मराठी मेसेजात एक इमोजी सहसा दोन चिन्हांची जागा घेतो, सत्तरातल्या दोन गेल्या. आणि इंग्रजी मजकुरात एखादं देवनागरी अक्षर, किंवा वर्डमधून उचललेलं वाकडं अवतरणचिन्ह राहिलं, तर अख्खा मेसेज सोळा बिटांच्या मापात जातो आणि १६० ची मर्यादा ७० वर येते. घाऊक पाठवणाऱ्या बऱ्याच सेवा पाठवण्याआधी तुकड्यांचा आकडा दाखवतात. तो पाहूनच बटण दाबा.